वही कुणाची?

माझा मित्र पुण्यात ऑर्थोपेडिक इम्प्लांट विकतो. नुसतं विकत नाही. गुडघा बदलायच्या ऑपरेशनला तो थिएटरमध्ये उभा असतो. एक्स-रेवरून ठरवलेला साइझ हाड कापल्यावर बदलू शकतो, म्हणून मागचेपुढचे साइझही आणून ठेवतो. कुठल्या ट्रेमध्ये काय आहे, हे सिस्टरला सांगतो. कुठल्या सर्जनला काय लागतं, हे त्याच्या वहीत आहे.

आता कंपनीत रिस्ट्रक्चरिंग चालू आहे. दोन टेरिटरी एक होणार, त्याची नोकरी जाणार. मॅनेजरने वही मागितली.

“का देऊ?” त्याने मला विचारलं. आमच्या आयटीत याला ‘केटी’ म्हणतात. नारळ देण्याआधी डोक्यातलं सगळं काढून घेतात. मी म्हणालो, “देऊ नकोस.”

रात्री वाटलं, चुकलो. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. वहीतल्या माहितीला मात्र बिलात ओळच नसते, म्हणून कंपनीला ती फुकट वाटते. पण ती माहिती मिळाली कुणाच्या तरी उघड्या गुडघ्यापाशी उभं राहून. भुलीखालच्या त्या माणसाने कुणाला नोकरीवरून काढलेलं नाही. वही अडवली, तर किंमत कंपनी नाही, तो मोजेल.

सकाळी फोन केला. “नव्या पोराला सोबत नेऊन शिकव. त्याचे पैसे वेगळे माग.”

“नाही दिले तर?”

“तरी शिकव,” हे म्हणायला मला वेळ लागला. नोकरी माझी जात नव्हती.