खाड्याचे पैसे

बीडमध्ये लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पाच लाखांच्या आरोग्य विम्याचं कार्ड आलंय घरोघर. आता सरकारनं आणखी काय करावं?" ते वाक्य डोक्यातून जात नाही.

जर्मनीचा 1883 चा आजारविमा, ब्रिटनची 1948 पासूनची करांवर चालणारी व्यवस्था वाचकांना ठाऊक आहे. आपली चर्चा तिथंच अडते: पैसा कोणी भरायचा? मला दुसरा प्रश्न मोठा वाटतो. "ऑपरेशनची गरज नाही" हे बाईला सांगण्यात कोणाचं हित आहे?

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली. 13 हजार 861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. अंगावरून जातंय म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली गेली, तिनं मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून, व्याजानं पैसे उभे केले. कार्डाचे कैवारी म्हणतील, विम्यानं कर्ज वाचलं असतं. मान्य. पण पिशवी गेलीच असती, कारण विमा ऑपरेशन झाल्यावर पैसे देतो, टळल्यावर नाही.

थायलंडनं 2002 च्या तीस बाथच्या योजनेत यावर उपाय काढला: नोंदवलेल्या माणसामागे दवाखान्याला ठरीव रक्कम, भरती रुग्णांच्या खर्चालाही एकूण मर्यादा. उपचार वाढवून कमाई वाढत नाही. मला हाच मार्ग पटत आला आहे.

पण आमच्या धारूर-वडवणीच्या ऊसतोड टोळ्या हंगामात कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात असतात. नाव इथं नोंदवायचं आणि दुखणं तिकडे काढायचं. फडावरच्या कोपीला संडास नाही. पाळीतही मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढायचं. कामाचा एक खाडा झाला की मुकादम दंड लावतो. मग बाईच म्हणते, "काढून टाका, कटकट मिटंल." डॉक्टर कितीही सचोटीचा असो, तिचा हिशेबच ऑपरेशनच्या बाजूनं झुकलेला असतो. 2019 मध्ये खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, ते योग्यच झालं. पण परवानगी नाकारलेली बाई दुसऱ्या दिवशी त्याच फडात उभी राहते.

म्हणून मी पुन्हा जर्मनीकडे येतो. 1883 च्या त्या कायद्यात औषधोपचारासोबत आजारी कामगाराला निम्मी मजुरी होती, तेरा आठवड्यांपर्यंत. आपण कार्डात विमा उचलला, मजुरी सोडून दिली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातून पहिला खर्च बाईच्या आजारपणातल्या खाड्याचा व्हावा, आणि खाड्याचा दंड कायद्यानं बंद करावा. कार्डावर किती लाख, हे त्यानंतर बोलू.