अंतरपाटापलीकडची मुलगी

घनसावंगी तालुक्यातल्या जांबची गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर, वय वर्षं बारा, बोहल्यावर उभा. भटजी ‘सावधान’ म्हणाले आणि पोरगं मांडवातून जे पळालं ते थेट नाशिकजवळच्या टाकळीला. पुढं त्याचे समर्थ रामदास झाले. यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, ते अभ्यासकांनी ठरवावं. मी तरी हिला जालना जिल्ह्याची सगळ्यात जुनी किशोरकथा म्हणेन. फक्त अंतरपाटापलीकडं उभ्या असलेल्या मुलीचं पुढं काय झालं, हे कुणी सांगत नाही.

ती मुलगी दर दसऱ्यानंतर आठवते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीला गाड्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादमाची उचल जोडीवर मिळते. म्हणजे दहावीतल्या पोरीचं लग्न उरकलं की एक कोयता वाढतो. नाही उरकलं, तर आई-बाप पाच-सहा महिने परमुलखात, घरी थकलेली आजी, आणि ‘पोरीला काही झालं तर?’ हा घोर. या पोरीच्या दप्तरात बीजगणित असतं, गाईड असतं. तिच्यासारख्या मुलीची गोष्ट नसते.

मराठीत किशोरवयाच्या गोष्टी नाहीत असं नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला, आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा मुकुंद आहे. दोघंही अस्सल, पण दोघंही मुलगेच. मुलींच्या हाती आपण शांताबाई शेळक्यांची ‘चौघीजणी’ दिली. ती मूळची अमेरिकेची. देखण्या, पैसेवाल्या लॉरीशी लग्न करायला त्यातली ज्यो सरळ नकार देते, हे आमच्या आया-मावश्यांनी जीव मुठीत धरून वाचलं. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांच्या मुलींसाठी तनुजा देसाई हिदियर यांनी २००२ मध्ये ‘बॉर्न कन्फ्यूज्ड’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. न्यू जर्सीतली सतरा वर्षांची डिंपल लाला आई-वडिलांनी सुचवलेल्या ‘चांगल्या मुला’कडं बघून नाक मुरडते. (पुढं त्याच्यातच गुंतते, ते सोडा.) न्यू जर्सीच्या मुलीला तिची कादंबरी मिळाली. घनसावंगीची अजून वाट बघतेय.

इथं लिहिणारे नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. भारत सासणे मूळचे जालन्याचे. त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या किशोर कादंबरीला २०२४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. जांबच्याच राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक इथल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी पुण्या-मुंबईत गाजवलं, तेही आपल्याच बोलीत. अडतं ते आपल्यापाशी. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण घर सोडून गेलेल्या नारायणाची गोष्ट कौतुकानं देतो. त्याच वयाच्या मुलीनं ‘मला आत्ता लग्न करायचं नाही’ एवढं म्हटलेलं पुस्तक घरात आलं, तर आपल्याला ते फार आगाऊ वाटतं.

असं म्हटलेल्या मुली या जिल्ह्यात आहेत. शाळेतल्या बाईंना, अंगणवाडीताईंना त्या माहीत असतात. कुणी मामाकडं राहून बारावी झाली, कुणी नर्सिंगला गेली. ताई, तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते तपासणारे पुष्कळ आहेत. आणि बाई, तुमच्या वर्गात अशी कुणी असेल, तर तिला निबंधाचा विषय देऊ नका. शंभर पानी कोरी वही द्या आणि परत मागू नका.