राहायला येणाऱ्यासाठी

घर विकायचं ठरलं की आवराआवर सुरू होते. माळ्यावरची जुनी सुटकेस खाली येते, कोपऱ्यातली जळमटं निघतात, वर्षभर ठिबकणाऱ्या नळाला एका दिवसात नवा वॉशर मिळतो. पडदे धुतले जातात, लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलली जाते, बाल्कनीतल्या वाळक्या कुंड्या हलतात. ‘हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे’ असं आपल्याकडे म्हणतात ते खरंच आहे. हात फिरलेलं घर प्रसन्न दिसतं आणि अशा घराला गिऱ्हाईकही लवकर मिळतं. यात गैर काहीच नाही.

पनवेलमध्ये ही लगबग सध्या बरीच दिसते. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे जुनं गाव २०१६च्या १ ऑक्टोबरला महानगरपालिका झालं. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतूचं आणि ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. जुन्या पनवेलमधल्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीतली सिडकोच्या पहिल्या काळातली घरं दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जात आहेत. कुणी मुलांकडे राहायला निघालंय, कुणाला आणखी एक खोली हवी आहे. त्या प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो: घर दाखवण्याआधी त्याची तयारी करायची, ती नेमकी कुणासाठी?

या तयारीचा आता स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. अमेरिकेत सिअॅटल भागातल्या बार्ब श्वार्त्झ यांनी १९७२च्या सुमारास विकाऊ घरं रंगमंचासारखी मांडायला सुरुवात केली आणि त्याला ‘होम स्टेजिंग’ हे नाव मिळालं. आपल्याकडे त्याचं सर्वांत परिचित रूप म्हणजे नव्या प्रकल्पातला सॅम्पल फ्लॅट. तिथे खोल्यांना बरेचदा दारं नसतात, पलंग बेताचा असतो, गाद्यांची चळत नसते, धान्याचा डबा नसतो, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल नसतो. त्यामुळे खोली ऐसपैस वाटते. पाहणारा मनातल्या मनात तिथे राहायलाही लागतो. अशा नमुन्यावर भुलून कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून २०१६च्या रेरा कायद्यात तरतूद आहे. जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या चित्रावर विसंबून पैसे भरले आणि त्यात नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते.

जुनं घर विकणारे आपण मात्र बिल्डर नसतो. आपल्याला त्या घराची नस न नस ठाऊक असते. कुठली खिडकी पावसात फुगते, कुठल्या नळाला सकाळी आधी लाल पाणी येतं, उन्हाळ्यात पाणी किती वेळ टिकतं, हे आपल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आपली कसोटी लागते ती इथेच.

पनवेलचे पावसाचे चार महिने कसे असतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून पाणी आत शिरतं. विटांमधले आणि गिलाव्यातले क्षार त्यात विरघळतात. भिंत सुकू लागली की पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. हे क्षार रंगाला मागून ढकलतात आणि पोपडे सुटतात. म्हणून ओल्या भिंतीवर पुट्टीचे दोन हात देऊन वर कितीही महागडा रंग मारला, तरी काही साधत नाही. पाणी कुठून येतं ते शोधायचं, ती वाट बंद करायची, भिंत पुरती वाळू द्यायची आणि मग रंगाला हात घालायचा. याला काही आठवडे लागतात, नुसतं रंगवायला दोन दिवस पुरतात. दिवाळीनंतर रंगवलेली भिंत मे महिन्यापर्यंत छान दिसते. त्यामुळे जानेवारीत पाहिलेलं घर आणि जुलैत राहावं लागणारं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

नवीन पनवेलमधल्या माझ्या ओळखीच्या एक काकू घर विकत होत्या. मागच्या खोलीत गोदरेजचं कपाट होतं आणि त्याच्या पाठीमागे छताजवळ हातभर रुंदीचा काळपट डाग. एजंट म्हणाला, “काकू, कपाट तिथेच राहू द्या. कुणी सरकवून बघत नाही.” काकूंनी दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावून कपाट पुढे ओढून घेतलं. मी कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “त्या खोलीत उद्या कुणाचं तरी लेकरू निजणार आहे ना.” मग सोसायटीच्या चिटणीसांना भेटून त्यांनी गळतीचा शोध लावला. गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीनं काढायची, घराच्या आतली त्या त्या सभासदानं, अशी उपविधींची सर्वसाधारण रीत आहे. इथे दोष वरच्या घराच्या न्हाणीघरातल्या फरशीखाली निघाला. वरच्या कुटुंबाची समजूत घालायला वेळ लागला, पण काम झालं. घर पाहायला आलेल्यांना काकूंनी दुरुस्तीच्या पावत्या दाखवल्या आणि भिंत अजून वाळते आहे हेही सांगितलं. घेणाऱ्यांनी किमतीत घासाघीस केली. काकूंनी ती होऊ दिली आणि व्यवहार पुरा केला.

काकूंनी जे मनानं केलं, ते कायद्यातही आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम सांगतं की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक मानली जाते. जवळजवळ दीडशे वर्षं हा नियम आहे. तरीही ‘विचारलं तर सांगू’ असं म्हणत आपण स्वतःची समजूत काढतो. घेणारा बहुतेक वेळा वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते अंगावर घेऊन आलेला असतो. कपाटामागे काय आहे हे विचारायचं त्याला सुचत नाही. आपण सांगितलं नाही, तर त्याला सांगणारं दुसरं कुणी नाही.

तयारीचा आणखी एक भाग मनाचा असतो. घर दाखवताना भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो उतरवावेत, सामान निम्मं करावं, असा सल्ला जाणकार देतात. ऐकायला तो कोरडा वाटतो, पण त्यात तथ्य आहे. येणाऱ्याला त्या भिंतीवर स्वतःचे फोटो दिसायला हवेत, स्वयंपाकघरात स्वतःच्या आईची उभं राहण्याची जागा दिसायला हवी. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मुलांची उंची नोंदवलेली असते, ती पुसताना हात थबकतो. फोटो काढून घ्यावा आणि चौकट रंगवायला द्यावी. देव्हारा बहुतेक घरांत शेवटी हलतो, आणि ते योग्यच आहे. या सगळ्या आवराआवरीत आपण एकेक हक्क सोडत जातो आणि परक्या कुटुंबासाठी जागा करत जातो. ही जागा मोकळ्या मनानं केली, तर दोष सांगणंही जड जात नाही. ज्याच्यासाठी जागा केली त्याला ओलीत झोपवावं असं कुणाला वाटेल?

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, रंगावर जेवढा खर्च करायचा आहे, त्यातला काही आधी प्लंबर आणि गवंडी यांच्यासाठी राखून ठेवावा. दुसरी, चाव्यांसोबत द्यायला एक कागद लिहावा. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, पाणी किती वाजता येतं, मीटरपेटीतला कुठला स्विच कशाचा, कुठली भिंत कधी दुरुस्त केली, या इमारतीचे पाइप माहीत असलेला प्लंबर कोण, हे सगळं त्यात असावं. शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर घर असेल तर हस्तांतरणाची परवानगी, ही कागदपत्रं वकील मागतोच. हा एक कागद कुणी मागत नाही, पण नव्या घरात पहिले सहा महिने सर्वांत जास्त उपयोगी तोच पडतो.

बघायला येणारा माणूस घरात अर्धा तास असतो, राहायला येणारा पंचवीस वर्षं. घर बघणाऱ्यासाठी सजवावं, जरूर सजवावं, पण तयार करावं ते राहणाऱ्यासाठी. व्यवहार झाला की नवा मालक आपल्याला फारसा आठवत नाही. त्याच्या तोंडी आपलं नाव येतं ते पहिल्या जोरदार पावसात, आणि ते कसं यावं हे आपण विक्रीआधीच्या त्या चार आठवड्यांत ठरवलेलं असतं.