विजयाबद्दल आभार कुणाचे?

23 मे 2007 च्या रात्री अथेन्समध्ये एसी मिलानने लिव्हरपूलला 2-1 असं हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. शेवटची शिट्टी वाजल्यावर मिलानचा रिकार्डो इझेक्सन दोस सांतोस लैते, म्हणजे जग ज्याला काका म्हणून ओळखतं, त्याने अंगावरची जर्सी उतरवली. आतल्या पांढऱ्या बनियनवर 'मी येशूचा आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. गुडघे टेकून, हात पसरून, तोंड आभाळाकडे करून तो मैदानावर बसला. त्या स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे 10 गोल त्याचे होते, आणि वर्षअखेरीस बॅलन डी'ओरही त्यालाच मिळाला. त्या दृश्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. देवाने मिलानला जिंकवलं असेल, तर लिव्हरपूलला हरवलंही त्यानेच. हरलेल्यांतही श्रद्धाळू असणारच, त्यांच्यासाठीही कुणी हात जोडले असणारच. मग जिंकणाऱ्याने देवाचे आभार मानणं म्हणजे देव आपल्या बाजूला आहे असं जाहीर करणंच नव्हे का? माझं म्हणणं असं आहे की आभार आणि दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त जिंकल्याच्या क्षणी त्या हुबेहूब सारख्या दिसतात. त्यांतला फरक कळायला त्याच माणसाच्या वाट्याला आलेलं बाकीचं आयुष्य पाहावं लागतं.

त्याआधी दोनच वर्षं, 25 मे 2005 ला, इस्तंबूलमध्ये हेच दोन संघ याच चषकासाठी भिडले होते. मध्यंतराला मिलान 3-0 ने पुढे होतं. त्यातला तिसरा गोल क्रेस्पोचा असला तरी तो घडवला काकाने. मैदानाच्या मध्याजवळ एका गिरकीत प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून त्याने बचावपटूंच्या मधून असा लांब पास दिला की क्रेस्पोला चेंडू गोलकीपरवरून नुसता उचलून टाकायचा होता. उत्तरार्धात लिव्हरपूलने अवघ्या सहा-सात मिनिटांत तीन गोल फेडले आणि सामना पेनल्टींवर गेला. काकाने आपली पेनल्टी मारली, संघ मात्र हरला. माणूस तोच, श्रद्धा तीच, कौशल्य तर कदाचित अथेन्सपेक्षाही सरस, आणि निकाल उलटा. श्रद्धा हा देवाशी केलेला करार असता तर तो इस्तंबूललाच मोडला असता. यावर काही श्रद्धाळू म्हणतील की तो पराभव देवाने धडा म्हणून दिला. हे उत्तर मला पटत नाही. जिंकलो तर कृपा आणि हरलो तर परीक्षा, असं म्हणणाऱ्याला कुठलीही घटना चुकीचं ठरवू शकत नाही, आणि म्हणूनच त्याच्या म्हणण्यातून काही कळतही नाही. बायबलमध्ये ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची अशीच सुबक कारणं देत बसतात, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच होतो.

विजय-पराभव हा तसा खेळातला मामला. खरा अवघड प्रश्न त्याआधीचा आहे. 2000 मध्ये, 18 वर्षांचा असताना, काका जलतरण तलावाच्या घसरगुंडीवरून पडला आणि त्याच्या मानेजवळचा मणका मोडला. जन्मभराचं अपंगत्व येण्याची भीती होती. तो पूर्ण बरा झाला आणि मार्च 2001 मध्ये साओ पाउलो क्लबकडून बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने बोताफोगोविरुद्ध एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन गोल केले. देवाने आपल्याला वाचवलं, असं तो तेव्हापासून सांगत आला. इथे आक्षेपाला जास्त धार येते, कारण असाच मणका मोडून कायमचे अंथरुणाला खिळलेले तरुण कमी नाहीत. ते देवाला नको होते का? आणि दूर जायचीही गरज नाही. काका ज्या पंथाचा होता त्या 'रेनासेर' चर्चच्या साओ पाउलोतल्या मुख्य प्रार्थनागृहाचं छप्पर जानेवारी 2009 मध्ये कोसळलं आणि तिथे जमलेल्यांपैकी नऊ जण गेले. ज्या देवाचे आभार काका मानत होता, त्याच देवाकडे ती माणसं आली होती. लूकच्या शुभवर्तमानात जवळजवळ हाच प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, आणि ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असं समजू नका, असं येशू ऐकणाऱ्यांना बजावतो. हे एकदा मान्य केलं की उलट बाजूही मान्य करावी लागते. जो वाचला तोही अधिक पुण्यवान नव्हता.

मग वाचलेल्याने गप्प बसावं? मला तसं वाटत नाही. आभार मानणं म्हणजे कारण सांगणं नव्हे. मला मिळालं, ते माझ्या लायकीमुळे मिळालं नाही, आणि मलाच का मिळालं हे मला ठाऊक नाही, एवढं म्हणूनही माणूस मनापासून कृतज्ञ राहू शकतो. किंबहुना तिसरं वाक्य जोडल्याशिवाय कृतज्ञता प्रामाणिक होत नाही. त्याच शुभवर्तमानातला परुशीही मंदिरात देवाचे आभारच मानतो, पण शेजारच्या जकातदाराकडे बोट दाखवून, आपण याच्यासारखे नाही म्हणून. तुलना आली की आभाराचा दावा होतो. काकाच्या बनियनवरच्या वाक्यात सामन्याचा, चषकाचा, प्रतिस्पर्ध्याचा उल्लेखच नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

नास्तिक वाचक विचारेल की याला नशीब म्हटलं तर काय बिघडलं? वडील इंजिनियर, आई शिक्षिका, घर खाऊनपिऊन सुखी, मणका सांधला गेला. यात देव कशाला हवा? देव आहे हे मी इथे सिद्ध करायला निघालेलो नाही. पण नशीब माणसाकडून काही मागत नाही, ऋण मागतं. काका 2004 पासून संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा दूत होता. 2007 च्या सर्वोत्तम खेळाडूचा फिफाचा चषक त्याने चर्चला देऊन टाकला. हे ऋण फेडताना फसगतही होऊ शकते. त्याच चर्चच्या संस्थापक जोडप्याला अमेरिकेत रोकड लपवून आणल्याबद्दल शिक्षा झाली, आणि 2010 च्या अखेरीस काका त्या चर्चमधून बाहेर पडला. श्रद्धा मात्र त्याने सोडली नाही. संस्थेवरची निष्ठा आणि देवाविषयीची कृतज्ञता वेगळी करता येते, हे त्याला तेव्हा उमगलं असावं.

पुढची वर्षं उतरणीचीच होती. 2009 मध्ये रेआल माद्रिदने प्रचंड रक्कम मोजून त्याला घेतलं. 2010 च्या विश्वचषकात ब्राझील उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून हरलं, ऑगस्टमध्ये डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि अथेन्सचा काका पुन्हा कधी दिसला नाही. मिलान, साओ पाउलो, ओरलँडो असं करत डिसेंबर 2017 मध्ये तो थांबला. निवृत्तीचा त्याचा निरोप म्हणजे देवपित्याला उद्देशून मानलेले आभार होते. सात वर्षं ओसरत गेल्यावर मानलेल्या या आभारांवर मी अथेन्सच्या आभारांपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

म्हणूनच 2014 मध्ये फुटबॉलच्या नियममंडळाने जर्सीखालच्या कुठल्याही संदेशावर घातलेली बंदी मला योग्य वाटते. श्रद्धाळूंना तो श्रद्धेचा अपमान वाटू शकतो. पण जिंकल्याच्या क्षणी बोललेले आभार दावा नाहीत, हे पाहणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नसतो, आणि तीच प्रार्थना करून हरलेला माणूस वीस पावलांवर उभा असतो.