नामानाने लहान उपाय का नाकारला?
वाचन : २ राजे, अध्याय ५



अरामाच्या सैन्याचा सेनापती नामान ह्याजपाशी पद होते, धन होते व रणांगणावरील कीर्ती होती. परंतु त्याच्या अंगावर कोड होते. त्याच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या एका पकडून आणलेल्या मुलीने आपल्या धनिणीस शोमरोनातील संदेष्ट्याविषयी सांगितले. तेव्हा नामान दहा किक्कार रुपे, सहा हजार सोन्याची नाणी व दहा पोशाख घेऊन निघाला. अलीशा मात्र दाराबाहेरदेखील आला नाही. यार्देनेत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप त्याने पाठविला. हे ऐकून नामान संतापला व माघारी फिरला.

तो कशामुळे संतापला ह्याचा आपण विचार करावा. उपाय कठीण होता म्हणून नव्हे. उपाय लहान होता म्हणून. मोठे धन खर्चावयास तो सिद्ध होता, पण नदीत उतरणे त्यास हलके वाटले. शेवटी त्याच्या चाकरांनी त्यास समजाविले की, एखादे अवघड काम सांगितले असते तर आपण ते केलेच असते, मग सोपे का करू नये? तेव्हा तो उतरला व बरा झाला.

ह्या वृत्तांतावरून विश्वासाचा व नम्रतेचा बोध आम्ही पुष्कळदा घेतो, आणि तो यथार्थच आहे. आज आम्ही आपल्या मंडळ्यांतील पुरुषवर्गापुढे त्यातील दुसरी एक गोष्ट ठेवू इच्छितो. ती ही की, पुरुष बहुधा मोठ्या दुखण्याला भिऊन मरत नाही. लहान उपायाला तुच्छ लेखून मरतो.

ह्याचा एक दाखला इतिहासातही आहे. पूर्वी दूरच्या समुद्रप्रवासावर खलाशांस महिनोन्‌महिने खारविलेले मांस व सुकी बिस्किटे खावी लागत. त्यांच्या हिरड्या सुजून रक्त वाही, जुन्या जखमा उकलत, व पुष्कळ धट्टेकट्टे पुरुष मरत. ह्या रोगास स्कर्व्ही म्हणतात. सन १७४७ त इंग्रजी आरमारातील वैद्य जेम्स लिंड ह्याने सॅलिसबरी नामक जहाजावर १२ रोगी निवडले व दोघादोघांस निरनिराळे उपाय दिले. ज्या दोघांस रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, ते सर्वांत लवकर सुधारले. सहा दिवसांत फळे संपली, तोवर त्यांतील एक कामावर जाण्याजोगा झाला होता. तरी आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्याचे ठरविले ते १७९५ साली! उपाय हाती असता ४८ वर्षे गेली. आज आम्ही जाणतो की त्या फळांतील क जीवनसत्त्वाने हे घडले. आणि ते आमच्या आवळ्यात, पेरूत व लिंबातही विपुल आहे.

आता आपल्या गावाकडे पाहू. आमचा शेतकरी बंधू बैल लंगडला तर त्याच दिवशी औषध आणतो; स्वतःच्या छातीत कळ आली तर म्हणतो, वायू असेल, जाईल. बायकोने दवाखान्याचे नाव काढले की तिजवर रागावतो. लघवीस अडखळत होते, तिच्यातून रक्त गेले, तरी वयाची पन्नाशी उलटलेला गृहस्थ लाजेने वर्षभर कोणापाशी बोलत नाही. ह्यास धैर्य म्हणावे काय? तो पडला म्हणजे पेरणी राहते, कर्ज वाढते, मुलीची शाळा सुटते. जे शरीर देवाचे मंदिर म्हणून आपणांस सोपविले आहे व ज्यावर चार जिवांची भाकर अवलंबून आहे, ते आपलेच म्हणून उधळण्याचा अधिकार आपणांस नाही.

म्हणून ज्यांस आम्ही यार्देनेच्या बुड्या म्हणतो, असे काही लहान उपाय ऐका.

पहिला, मीठ. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही; आणि एके दिवशी अर्धांग होते. १४० वर ९० किंवा त्याहून अधिक दाब पुनःपुन्हा भरला तर तो रोग समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. त्यात लोणचे, पापड, सुकी मासळी व पाकिटातील फरसाण ह्यांतील मीठही धरावे. दाब मोजावयास पाच मिनिटे पुरतात.

दुसरा, तंबाखू. केवळ तंबाखूच नव्हे, सुपारीही कर्करोग करते, असे जगातील तज्ज्ञांच्या संस्थेने २००४ साली नमूद केले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, परंतु चुना मळून बार भरणे चालूच आहे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारे क्षत, किंवा तोंड पुरते न उघडणे ही लक्षणे दिसताच तपासणी करावी. आरंभी सापडलेला रोग बरा होण्याची आशा पुष्कळ असते. गळ्याशी गाठ आल्यावर ती थोडी राहते.

तिसरा, खोकला. दोन आठवडे खोकला टिकला तर बेडका तपासावा. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, परंतु ते बहुधा सहा महिने घ्यावे लागते. दुसऱ्या महिन्यात बरे वाटते व पुष्कळजण तेथेच सोडतात. नामान तिसऱ्या बुडीनंतर काठावर आला असता तर काय झाले असते?

चौथा, ताट. ज्वारी, बाजरी व नाचणीची भाकर, डाळ किंवा उसळ, आणि पालेभाजी हे आपल्या वाडवडिलांचे अन्न गरिबीचे चिन्ह नव्हे. भाताचा ढीग, गोड चहाचे पाच कप व तळलेले वडे ह्यांनी पोट भरते, पण मधुमेहाची वाट मोकळी होते. वारंवार तहान लागणे, रात्री पुनःपुन्हा लघवीस उठणे, पायाची जखम न भरणे ह्यांकडे दुर्लक्ष करू नका. आणि बंधूंनो, आपण आधी जेवून उठता व घरची बाई उरलेले खाते, हेही बरे नव्हे. भाजी वाढवावयाची तर सर्वांच्या ताटात वाढवा.

दारूविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. तिने कोणते घर उठविले हे प्रत्येक गावास ठाऊक आहे.

कोणी म्हणतील, आम्ही प्रार्थना करतो, आम्हांस गोळी कशाला? हिज्कीया राजाने अश्रू ढाळून प्रार्थना केली, ती देवाने ऐकली. तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितली. प्रार्थना करणाऱ्याने औषध घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याने आवळा निर्माण केला त्यानेच वैद्यास बुद्धी दिली.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. नामानास वाचविले ते एका दासीने व चाकरांनी, राजांनी नव्हे. पुरुष स्वतः जात नाही, त्यास कोणीतरी न्यावे लागते. सरकारी उपकेंद्रात ३० वर्षांवरील लोकांचा रक्तदाब, साखर व तोंड तपासण्याची योजना आहे. येत्या महिन्यात एक दिवस ठरवून मंडळीतील वडीलधाऱ्यांस बरोबर घेऊन जा, आणि प्रथम आपण स्वतः बाही वर करा. लग्नात व मयताच्या घरी तंबाखू-सुपारीचे तबक फिरविण्याची चाल आपल्या मंडळीत बंद करा. भगिनींनो, घरधनी रागावला तरी बोलणे सोडू नका. त्या लहान मुलीचा शब्द हलका होता, तरी त्यानेच सेनापती वाचला.

सर्व रोग टळतील असे आम्ही म्हणत नाही. काळजी घेणाऱ्यासही दुखणे येते, आणि त्या वेळी प्रभूची कृपाच आपला आधार आहे. परंतु जे हातचे आहे ते करावयाचे टाकून कृपेची वाट पाहणे हा विश्वास नव्हे. नदी जवळ आहे, पाणी उथळ आहे. अभिमान काठावर ठेवून आपण उतरावे, अशी सद्बुद्धी प्रभू आम्हां सर्वांस देवो. आमेन.