हातचा एक

सुनेला आई नाही, म्हणून बाळंतपणाला मी जायचं ठरलं. मुलगा-सून जर्मनीत, स्टुटगार्टला. मी मुळशीतली, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. गणित माझ्या आवडीचं. तरी त्या नव्वद दिवसांनी मला जेरीला आणलं.

नियम ऐकायला सोपा आहे. शेंगेनच्या २९ देशांत मिळून पाहुण्यानं कुठल्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहायचं नाही. घोळ आहे तो 'कुठल्याही' या शब्दात. हे १८० दिवस १ जानेवारीला सुरू होऊन जूनअखेर संपत नाहीत. आज मी तिथे असेन तर आजपासून मागे १८० दिवस मोजायचे, उद्या असेन तर उद्यापासून. खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना वाटायचं की झुरिकला चक्कर मारून आलं की पाटी कोरी होते. पण स्वित्झर्लंडही शेंगेनमध्येच आहे, तिथेही दिवस मोजले जातच राहतात. आणि व्हिसाच्या स्टिकरवर छापलेली मुदत वेगळी, मुक्कामाचे दिवस वेगळे. पाच वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणून पाच वर्षं राहता येतं असं नाही.

मी १० जानेवारी २०२५ ला फ्रँकफर्टला उतरले. उतरल्याचा दिवस धरतात, निघण्याचाही धरतात. म्हणजे नव्वदावा दिवस ९ एप्रिल. मुलानं ८ तारखेच्या रात्रीचं तिकीट काढलं. विमानाला उशीर झाला, रात्रीचे बारा वाजून गेले, तरी एक दिवस हाताशी असावा. वर्गात बेरीज शिकवताना 'हातचा एक' हजारदा म्हटलं असेल. तो असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

बाळाला मात्र हा हिशेब ठाऊक नव्हता. डॉक्टरांनी २२ जानेवारीची तारीख दिली होती, बाळ आलं २ फेब्रुवारीला. माझे तेवीस दिवस तोवर नुसती वाट पाहण्यात खर्ची पडले होते. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलं होतं (पुण्याहून नेलेलं), त्यावर रोज पेन्सिलीनं फुली मारायचे. बारसं झालं, सुनेचा सवा महिना झाला, फुल्या पाडव्याकडे सरकत गेल्या. एक दिवस सून म्हणाली, "आई, ती फुली मारू नका हो, माझ्या पोटात गोळा येतो." मग मी ती रात्री, सगळे झोपल्यावर मारू लागले.

आपल्याकडे बाईला मोजक्या दिवसांच्या मुक्कामाचं नवल नाही. ज्या घरात जन्मलो तिथेच लग्नानंतर चार दिवसांचं माहेरपण. गौरी तर अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. गणपती दीड दिवसाचा की दहा दिवसांचा हे ज्या त्या घराचं ठरलेलं असतं. आपण देवाला तो येण्याच्या आधीच त्याची परतीची तारीख ठरवून देतो, आणि त्यात त्याचा अपमान झाला असं कुणाला वाटत नाही. मग पासपोर्टावर तारीख पडली तर मला का वाटावा?

'अतिथी' हा शब्दच तिथीवरून आला असं मानतात. मनुस्मृतीत त्याची व्याख्या आहे: एक रात्र राहतो तो अतिथी, कारण त्याचा मुक्काम नित्य नसतो. म्हणजे मुदत पाहुण्यावर बाहेरून लादलेली नाही, मुदतीमुळेच तो पाहुणा आहे. संन्याशालाही एका गावात फार रेंगाळू नये असा दंडक होता, फक्त चातुर्मासात एका जागी थांबायचं. जैन साधू तर आजही पावसाळा सोडला तर एका ठिकाणी महिन्यापेक्षा जास्त राहत नाहीत. त्यांना कुणी सीमेवर अडवत नाही. मोजणारे तेच, उठून निघणारेही तेच.

पण मनूच्या त्या व्याख्येत 'ब्राह्मण' हा शब्दही आहे, तो गाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. क्षत्रिय ब्राह्मणाच्या घरी आला तर तो त्या अर्थानं अतिथी नव्हे, आणि वैश्य-शूद्रांना नोकरांबरोबर वाढायचं. मला हे आठवलं ते स्टुटगार्टच्या बागेत. एक अमेरिकन आजी नातवाला फिरवायला यायची. तिला व्हिसा लागलाच नव्हता, नुसता पासपोर्ट दाखवून ती आत आली होती. मी पुण्याच्या केंद्रात फाइल घेऊन बसले होते, बोटांचे ठसे दिले, ९० युरो फी, तीस हजार युरोंचा विमा. आणि गंमत अशी की नव्वद दिवसांचा नियम तिलाही तोच. तीही मोजत होती, मोबाइलवर. दारात भेद आणि मुक्कामात समता, असा हा चमत्कारिक पंक्तिप्रपंच.

त्या फाइलीतले दोन कागद माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक मुलानं दिलेला. तिथल्या परकीय नागरिकांच्या कार्यालयात जाऊन त्यानं हमी लिहून दिली होती की आईचा तिथला सगळा खर्च माझ्यावर. आईला सांभाळणं हा आपल्याकडे मुलाचा धर्म, पण तिथे तो शिक्का मारून सरकारला द्यावा लागतो. मला तो कागद पाहून आधी हसू आलं. नंतर लक्षात आलं की माझा यजमान मुलगा नाहीच. तो जामीन आहे. यजमान दुसराच कुणी, ज्याला मी कधी भेटणार नाही.

असा यजमान पाहुण्याचं काय देणं लागतो? कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७९५ साली शाश्वत शांततेवर निबंध लिहिला, त्यात तो म्हणतो की परक्या देशात गेल्यावर शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पृथ्वी गोल आहे, माणसं पांगून पांगून कुठे जाणार, आणि मुळात कुठल्याच जागेवर एकाचा दुसऱ्यापेक्षा जास्त हक्क नाही. मात्र हा हक्क भेट देण्याचा. मुक्काम करायचा तर वेगळा करार लागतो. हात आखडता वाटतो खरा, पण लगेच पुढे तो युरोपच्या व्यापाऱ्यांवर घसरतो: ठाणी उभारायच्या मिषानं यांनी हिंदुस्थानात सैन्य नेलं. भेट आणि कब्जा यांतला फरक त्याच्या डोळ्यांसमोर होता.

फाइलीतला दुसरा कागद माझा. परत येणार कशावरून, याचा पुरावा. पेन्शनचा कागद लावलाच, शिवाय सातबारा, इंग्रजी भाषांतरासह. जमीन आहे म्हणजे बाई परत जाईल.

सातबारा दाखवताना मला आजेसासऱ्यांची आठवण झाली. मुळशीचं धरण बांधलं गेलं तेव्हा ते पोरसवदा होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि खोऱ्यातली पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तेव्हाची, आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले तेही इथेच. (हेच बापट १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले आणि पुढे बॉम्बची विद्या शिकायला पॅरिसला. त्यांना शेंगेनचा हिशेब करावा लागला नाही.) तीनेक वर्षांत लढा मोडला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीचे आपण मालक होतो तिथे आपण पाहुणे आहोत, असं आमच्या घराला एका नोटिशीनं कळलं. नव्वद दिवस वगैरे सोडाच.

२०२५ ची रामनवमी ६ एप्रिलला आली, माझ्या सत्त्याऐंशीव्या फुलीला. बाळ मांडीवर होतं. मला त्या देशाचा राग आला नाही. त्यांनी मला परत जायला सांगितलं कारण माझं घर दुसरीकडे आहे हे त्यांनी मान्य केलं होतं, माझाच कागद वाचून. खटकत होतं ते इतकंच की आजीपणाला त्यांच्या हिशेबात रकाना नव्हता. टॉवर पाहायला आलेली बाई आणि नातवाला न्हाऊ घालणारी बाई, दोघी एकाच व्हिसावर. हा रकाना असावा का? असला तर त्याचा पुरावा काय मागतील, या विचारानं मी जरा दचकलेच.

८ एप्रिलला एकादशी होती. विमान वेळेवर सुटलं, हातचा एक तसाच राहिला.

मुलानं विमानतळावर विचारलं होतं, "पुन्हा कधी येशील?" मी बोटांवर मोजून सांगितलं, "९ जुलैपासून." त्या दिवसापासून जानेवारीतले दिवस खिडकीतून एकेक करून मागे पडू लागतात. ६ जुलैला आषाढी. संन्यासी चालायचे थांबतात तेव्हा माझी वाट मोकळी होते. पण तेव्हा इकडे भातलावणी.

शेवटी दिवाळीनंतर जायचं ठरवलं. व्हिसा नवा काढायचा, म्हणून परवा मोबाइलवरून पंधरा रुपये भरून सातबारा पुन्हा काढला. पूर्वी तलाठ्याकडे खेटे घालावे लागत. गट नंबर, क्षेत्र, आमच्या ह्यांच्या नावाखाली माझं नाव. धरणाच्या काठाची, उरलेली जमीन, एक एकर सात गुंठे. भाषांतराला टाकली आहे.