गळत्या नळाचा दोष कोणाचा?

अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावात भाड्याच्या सदनिकेतला नळ गळू लागला की दोन प्रश्न उभे राहतात: पैसे कोणी भरायचे आणि गळती कोणी थांबवायची. भांडण बहुधा पहिल्यावरच अडते.

त्याचे उत्तर कायदा बरेचसे देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास जागा राहण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे काम. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत हालचाल केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र करारनामा म्हणेल तसे. सोसायट्यांचे आदर्श उपविधी पाणीपट्टी नळांची संख्या व आकार पाहून वाटतात, त्यामुळे एका घरातली गळती सर्वांच्या बिलात विरघळते आणि ज्याच्याकडे गळते त्याला झळ लागतच नाही.

दुसरा प्रश्न धर्माचा आहे. पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, येते. 1930 साली येरवडा तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी त्याची कक्षा वाढवली: गरज नसताना घेतलेली वस्तू परवानगीने घेतली तरी चोरीच. पण गळतीत कोणी काही घेतलेलेच नसते. इथे जैन विचार अधिक नेमका ठरतो. पाणी हीच काया असलेले जीव तो मानतो, आणि उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आहे. हेतू नव्हता ही सबब तिथे पुरत नाही.

वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून जास्त. फ्लशच्या टाकीचा झिजलेला वॉशर आवाजही न करता याहून कितीतरी अधिक घालवतो. बिल चुकते झाले तरी ते पाणी परत येत नाही. ज्या शेजाऱ्याच्या वाट्याचे ते गेले, तो करारात कुठेच नसतो.

म्हणून थांबवण्याचे कर्तव्य मालकीला नव्हे, माहितीला चिकटते. ज्याला आधी कळले त्याने अँगल कॉक बंद करून मालकाला कळवावे, मग वॉशर कोणाचा ते खुशाल ठरवावे. कळवल्यानंतरची दिरंगाई मालकाची. कळूनही गप्प बसला असेल तर त्याआधीची भाडेकरूची. भिंतीतला पाइप कोणालाच न कळता फुटला, तर दोषी कोणीच नाही. तरीही पाइप मालकाचा असल्याने खर्च त्याच्याकडेच जातो.